अंजीर, छेना आणि ब्रुनचा तुकडा

घरी पाहुणे बोलावले की पहिला अर्धा तास यजमानांची परीक्षा बघतो. दोघं सांगितल्या वेळेच्या आधी येऊन सोफ्यावर बसलेले असतात, चौघं खाली गाडी लावायला जागा शोधत असतात, आणि एक जण ‘निघालोच’ म्हणून अजून आंघोळीला गेलेला असतो. अशा वेळी भजी तळायला घ्यावीत तर घरची बाई गॅससमोर अडकते. वेफर्सची पिशवी फोडावी तर ते बरं दिसत नाही. मी कोथरूडमध्ये वीस-पंचवीस पानांच्या घरगुती ऑर्डरी घेते, आणि सगळ्यांचा प्रश्न तोच असतो. “काकू, स्टार्टरला असं काहीतरी सांगा ना, की मला आत-बाहेर करावं लागणार नाही.”

माझं उत्तर ठरलेलं आहे. खरपूस भाजलेल्या पावाचा दोन घासांचा तुकडा, त्यावर मऊ चीजचा जाडसर थर आणि वर ताजं फळ. तळण नाही, फोडणी नाही, गरम करून वाढायची घाई नाही. तिन्ही गोष्टी आधी तयार करून ठेवायच्या आणि बेल वाजली की एकमेकांवर चढवायच्या. फळ कुठलंही चालेल असं लोकांना वाटतं. ते खरं नाही, त्याबद्दल पुढे सांगते. माझी पहिली पसंती अंजिराला आहे. पुण्यात राहून अंजीर सोडून परदेशी डबाबंद चेरीच्या मागे लागणं मला पटत नाही.

पदार्थ मूळचा इटलीतला. तिकडे भाजलेल्या पावाच्या या छोट्या तुकड्यांना क्रोस्तिनी म्हणतात. तोस्काना प्रांतातल्या क्रोस्तिनीवर कोंबडीच्या कलेजीचं वाटण लावतात, तो तिथला सणासुदीचा मान. फळ आणि चीज ही जोडीही त्या देशात जुनी आहे. तिथे एक म्हण आहे, तिचा मतलब असा की नाशपातीबरोबर चीज किती छान लागतं हे शेतकऱ्याला कळू देऊ नका. मास्सिमो मोंतानारी या खाद्यइतिहासाच्या अभ्यासकाने या एका म्हणीवर अख्खं पुस्तक लिहिलंय. चीज हे मेंढपाळांचं, कष्टकऱ्यांचं खाणं. नाशपाती नाजूक, टिकत नाही, म्हणून ती अमीर-उमरावांच्या ताटातली. दोन्ही एकत्र आली तेव्हा ती चव आपल्यापुरतीच राहावी असं मोठ्या लोकांना वाटलं, असा त्यांचा मुद्दा. आमच्या पुरंदरच्या शेतकऱ्याला ही म्हण सांगितली तर तो हसेल. बाग त्याची, गोठाही त्याचाच.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दिवे, सोनोरी आणि सासवडच्या आसपासची गावं या फळाची. हलकी, निचऱ्याची जमीन आणि कोरडी हवा अंजिराला मानवते. पाऊस लांबला की फळ फुटतं, आंबतं. वर्षात दोन बहार धरतात. खट्टा बहार हिवाळ्यात हाती येतो, मीठा बहार साधारण मार्च ते मे. नावावरून चव ओळखायची. खट्ट्या बहाराचं फळ काही वाईट नसतं, पण त्याला वरून मध जास्त लागतो. मीठ्या बहाराच्या फळाला काही म्हणजे काही लागत नाही.

दिवे घाट चढून गेलं की सीझनमध्ये रस्त्याच्या कडेला विक्रेते बसलेले दिसतात. अंजिराच्याच पानांवर फळं मांडलेली असतात. तिथल्या मावशींचं वाक्य ठरलेलं: “ताई, आजच खा, उद्यावर ठेवू नका.” हा विकण्याचा डाव नव्हे. अंजीर झाडावरच पिकावं लागतं. कच्चं तोडून आढीत घातलं तर ते मऊ पडेल, पण गोड होणार नाही. आणि पिकलेलं बाहेर एक-दोन दिवसांपलीकडे तग धरत नाही. म्हणून फळ निवडताना हातात घ्या. देठाकडची मान थोडी वाकलेली हवी. अंग कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. सालीवर जांभळट तांबूस छटा, कुठे बारीक चीर गेलेली. खालचा डोळा मात्र कोरडा पाहिजे. डोळ्यातून रस पाझरत असेल आणि आंबूस वास येत असेल तर ते फळ ठेवून द्या. चिलटांना त्याची खबर आपल्याआधी लागलेली असते.

एक अंजीर उभं चिरून बघा. बाहेर फिकट हिरवट साल, तिच्या आत पांढऱ्या गराचं पातळ कडं, आणि मधोमध गुलाबी लालसर रेशे आत वळलेले, त्यांत बारीक बिया. हे रेशे म्हणजे फुलं. अंजीर हे आतल्या बाजूला फुललेल्या असंख्य फुलांचं बोंड आहे, आपल्या उंबराचाच जातभाई. उंबर फोडलं की आत चिलटासारखे किडे निघतात, त्यामुळे बरेच लोक अंजिराकडेही संशयाने बघतात. पण आपल्याकडे लावतात त्या पुणे अंजिराला परागीभवनासाठी त्या किड्याची गरजच नसते. फळ आपसूक धरतं. तरीही मी प्रत्येक फळ चिरूनच वापरते. अख्खं अंजीर तोंडात टाकायची सवय चांगली नाही.

देठ कापला की थोडासा पांढरा चीक येतो, कच्च्या फळाला जास्त. बोटांना लागला तर खाज सुटते. या चिकात फायसिन नावाचं विकर असतं आणि ते दूध नासवतं. ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. ॲरिस्टॉटलने अंजिराच्या चिकाने दूध विरजण्याची नोंद केली आहे, होमरच्या ‘इलियड’मध्ये त्याचा दाखला येतो, आणि पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला चीज करण्यासाठी हा चीक वापरता येतो असं सांगतो. म्हणजे अंजीर आणि चीज ही ओळख ताटात झालेली नाही, ती त्याआधीची आहे. आपण मात्र घरी चीक वापरू नये. प्रमाण चुकलं की सगळं कडू होतं. घरी लिंबू आहे की.

मऊ चीज म्हणजे काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, कारण आपल्या डोळ्यांपुढे चीज म्हटलं की पिवळा क्यूब येतो. तो क्यूब म्हणजे आधी तयार झालेलं चीज वितळवून, त्यात क्षार मिसळून पुन्हा थापलेलं प्रक्रिया केलेलं चीज. सँडविचमध्ये ते ठीक आहे. फळाखाली ते खारट, चिवट लागतं आणि फळाची सगळी मजा घालवतं. मऊ चीज ताजं असतं, त्यात पाण्याचा अंश भरपूर राहतो, चव दुधाची आणि किंचित आंबूस. इटलीतलं रिकोटा, बाजारात डबीत मिळणारं क्रीम चीज, बकरीच्या दुधाचं ताजं चीज, ही सगळी त्यातली. मुंबईच्या पारशी घरांत टोपली नू पनीर करतात, छोट्या टोपल्यांत लावलेलं, अंगावर टोपलीच्या विणीचे ठसे उमटलेलं आणि स्वतःच्याच पाण्यात बुडवून ठेवलेलं. तेही या पदार्थावर सुरेख लागतं. पण जुन्या रीतीने ते कोंबडीच्या पोटातल्या सुकवलेल्या पडद्याने विरजतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. परदेशी चीजच्या बाबतीतही हेच. अनेक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने लावतात. पार्मिजानो रेज्जानोला तर तसा नियमच आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघितला की शंका मिटते.

मी स्वतः छेनाच करते. एक लिटर गाईचं दूध, साय न काढलेलं. म्हशीच्या दुधाचा छेना घट्ट आणि चिवटसर होतो. भाजीच्या पनीरला तो उत्तम, इथे नको. दूध जाड बुडाच्या पातेल्यात उकळी येईपर्यंत तापवायचं, गॅस बंद करायचा आणि मिनिटभर थांबायचं. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून ठेवायचा आणि चमच्याचमच्याने घालत, हलक्या हाताने ढवळायचं. आधी काहीच होत नाही. मग दुधाच्या कडेला बारीक कण दिसायला लागतात, आणि पुढच्या चमच्याला एकदम सगळं फाटतं. पांढरे मऊ गठ्ठे वर येतात आणि खाली हिरवट पिवळं स्वच्छ पाणी दिसतं. हे पाणी दिसलं रे दिसलं की हात थांबवायचा. उरलेला रस टाकून द्यावासा वाटत नाही म्हणून पातेल्यात ओतला, तर छेना रबरासारखा होतो आणि आंबट लागतो. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन आम्ल लागलं की एकत्र येतं, आणि तापवल्यामुळे दुधातली इतर प्रथिनंही त्याच्याबरोबर धरली जातात. एवढंच त्यातलं शास्त्र.

जुना, मऊ झालेला पंचा चाळणीवर अंथरून हे सगळं त्यात ओतायचं. वरून गार पाणी सोडायचं, म्हणजे लिंबाचा वास जातो. गाठोडं नळाला वीस मिनिटं लटकवायचं. त्यावर वरवंटा ठेवायचा नाही, पिळायचं नाही. आपल्याला वडी पाडायची नाही, फासता येईल असं चीज हवंय. पंचा सोडला की बोटाने दाबून बघा. ओल बोटाला लागली पाहिजे, पण पाणी टपकता कामा नये. मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात हा छेना, दोन-तीन चमचे ताजी साय आणि पाव चमच्याहून थोडं जास्त मीठ घालून गुळगुळीत होईपर्यंत फिरवायचं. दर पंधरा सेकंदांनी थांबून कडा खाली ओढायच्या. सलग फिरवलं तर मोटरच्या उष्णतेने सायीतलं लोणी सुटतं. शेवटी लिंबाची साल अगदी वरवर किसून घालायची, पांढरा भाग आला तर कडवटपणा येतो. लिटरभर दुधाचा साधारण पावणेदोनशे ग्रॅम छेना पडतो आणि त्यात अठरा-वीस तुकडे निघतात. उरलेलं पाणी फेकू नका, त्यात कणीक मळा.

मिठाबद्दल मी हट्टी आहे. आपल्याकडे दूध, फळ, मध हे शब्द एका ओळीत आले की हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातो. हा गोडाचा पदार्थ नाही. गोडवा फळ देणार, चीजने खारट बाजू सांभाळायची. नुसतं चाखल्यावर छेना किंचित जास्त खारट वाटला तर तो पावावर बरोबर लागतो.

ज्यांना दूध फाडायचा कंटाळा आहे त्यांनी चक्का वापरावा. अर्धा किलो गोड दही रात्रभर फ्रीजमध्ये टांगून ठेवलं की काम झालं. तो छेन्यापेक्षा आंबट असतो, म्हणून मीठ्या बहाराच्या अंजिराखाली मला तो जास्त आवडतो. निम्मा छेना आणि निम्मा चक्का हे माझं सणावाराचं मिश्रण.

आता पाव. स्लाइस ब्रेड इथे चालत नाही. तो कितीही भाजा, चीज लागलं की पाच मिनिटांत मान टाकतो. फ्रेंच लोफ चांगला. पण पुण्या-मुंबईच्या जुन्या बेकऱ्यांत मिळणारा ब्रुन त्याहून चांगला आणि स्वस्त. बाहेरून कडक, आतून हलका, जाळीदार. गोव्यात असाल तर पोदेराकडचा उंडो घ्या, तोही टणक सालीचा. आदल्या दिवशीचा पाव घ्यायचा, कारण ताजा कापताना दबतो. बोटभर जाड काप करायचे, दोन्ही बाजूंना ब्रशने तूप किंवा तेल लावून ओव्हनमध्ये १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं, नाहीतर तव्यावर मंद आचेवर. तव्यावर घाई केली की कडा करपतात आणि मध्य मऊ राहतो. भाजलेले काप एकावर एक रचून ठेवू नयेत. आतली वाफ कोंडते आणि केलेलं वाया जातं. जाळीवर पूर्ण गार करून डब्यात भरले तर दोन दिवस कुरकुरीत राहतात.

लावायची वेळ पाहुणे आल्यावरची. चीज कडेपर्यंत पसरवायचं. तो ओलावा आणि पाव यांच्यातला पडदा आहे, फळाचा रस तो थोपवून धरतो. त्यावर अंजिराची चौथाई फोड, गुलाबी बाजू वर. मधाची बारीक धार. मध महाबळेश्वरचा असेल तर उत्तम. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. शेवटी मिरी, तीही खलबत्त्यात तेव्हाच कुटलेली, भरड. वाटलं तर भाजलेल्या अक्रोडाचा तुकडा. पुदिन्याचं पान फोटोत छान दिसतं, तोंडात मात्र अंजिराचं काही शिल्लक ठेवत नाही. मी लावत नाही.

अंजीर नसेल तेव्हा काय? डिसेंबरपासून महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी असते. तिचे काप आणि मिरी, मधाऐवजी चिमूटभर पिठीसाखर. नाशिकची द्राक्षं देठासकट ओव्हनमध्ये कडक आचेवर साल सुरकुतेपर्यंत भाजून बघा, त्यांचा रस आटून दाट होतो आणि चव पार बदलते. पेरूचे पातळ काप आणि तिखट-मीठ हे तर आपल्या शाळेच्या फाटकासमोरचं खाणं, छेन्यावर फार जमतं. सीताफळ नको, बिया काढता काढता गर पातळ होतो आणि गोडवा अंगावर येतो. हापूसबद्दल कुणी विचारलं की मी म्हणते, चक्का आहे, आंबा आहे, मग साखर घालून आम्रखंड करा आणि पुरीबरोबर खा, पावाला कशाला त्रास!

कच्चा अननस, किवी आणि पपई मात्र चीजवर ठेवू नका. या फळांतली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात. थोड्या वेळात चीज पातळ होऊन कडू लागतं. अननस शिजवून घेतला तर हरकत नाही, उष्णतेने विकराचा जोर जातो. अंजिरात तेच काम करणारा चीक असला तरी पूर्ण पिकलेल्या फळात तो नावापुरताच उरतो. तरीही लावून तासभर ठेवायचं नाही, हे एक कारण त्याचं आहेच.

माझ्या सासूबाईंना हा पदार्थ मान्य नव्हता. “दूध आणि फळ एकत्र? विरुद्ध आहार आहे तो.” चरकसंहितेत आंबट फळं दुधाबरोबर घेऊ नयेत असं म्हटलंय खरं, आणि पथ्य पाळणाऱ्याशी मी वाद घालत नाही. पण त्याच घरात अडीअडचणीला पोळीबरोबर शिकरण होत असे आणि ते आवडीने खाल्लं जाई, एवढंच नोंदवून ठेवते.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. ताजं मऊ चीज हा नाशवंत पदार्थ आहे. घरचा छेना फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. उन्हाळ्यात लावलेलं ताट तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. न तापवलेल्या दुधाच्या मऊ चीजमधून लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो आणि तो गरोदर बायकांना फार धोक्याचा असतो. त्यांच्यासाठी उकळलेल्या दुधाचा, त्याच दिवशी केलेला छेना बरा. विकतचं घेतलं तर पाश्चराइज्ड आहे का ते वाचून घ्या.

मीठा बहार मेपर्यंतच असतो. सासवडच्या बाजूने येणं झालं तर पेटीभर अंजीर घ्या, निम्मं वाटेतच खा, उरलेलं त्याच संध्याकाळी छेन्यावर लावा. आणि घरात फक्त पिवळा क्यूब शिल्लक असेल तर तो किसून घालू नका. त्या दिवशी अंजीर नुसतंच खाल्लेलं चांगलं.